साईडपट्टीवरचं नाव

माणसाची संस्कृती त्याच्या दिवाणखान्यात कळत नाही, ती त्याच्या कुंपणाबाहेरच्या चार फुटांत कळते.

हे वाक्य माझं आहे. मी ते पहिल्यांदा जाहीरपणे उच्चारलं तेव्हा समोर श्रोता एकच होता. ती म्हैस होती. वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबण्याची सभ्यता तिनं दाखवली आणि मग त्याच चार फुटांत शेण टाकलं.

तिचं नाव बिजली. ती गोष्टीत बरीच उशिरा येते, पण आली की जात नाही, म्हणून आधीच ओळख करून दिली.

मी धनपाल मगदूम, मोजणी खात्यातून निवृत्त. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या. बिद्रीपासून मुरगूडपर्यंत असा बांध सापडायचा नाही, जिथं दोन सख्ख्या भावांनी मला एकाच सकाळी चहाही दिला नाही आणि शिव्याही दिल्या नाहीत. पण माझ्या स्वतःच्या नावावर म्हणाल, तर कुंडीतली मातीसुद्धा नाही. कोल्हापुरातलं राहतं घर माझ्या बायकोच्या, चंदनाच्या नावावर आहे. ती मुख्याध्यापिका होती, तिचं कर्ज आधी मंजूर झालं, आणि मी मोठ्या मनानं म्हणालो, “नाव तुझं काय, माझं काय, एकच की.” ते एक नाही, हे निवृत्त झाल्यावर कळलं. फाटकावर काळ्या ग्रॅनाइटमध्ये सोनेरी अक्षरांत ‘सौ. चंदना मगदूम, मुख्याध्यापिका (निवृत्त)’ असं कोरलेलं आहे. पोस्टमन मला बघून विचारतो, “बाई हायत का घरात?”

ऑफिसातल्या टेबलावर माझ्या नावाची एक पितळी पाटी होती. निरोपसमारंभात ती नारळाबरोबर माझ्या हातात दिली. सध्या ती वॉशिंग मशीनच्या एका पायाखाली आहे. तेव्हापासून मशीन अजिबात हलत नाही, हे मान्य केलं पाहिजे.

त्या पाटीला मशीनखालून काढून उन्हात उभं करायचं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. जागाही हेरून ठेवली होती. आमची कंपाउंडची भिंत संपते आणि डांबर सुरू होतं, त्या दोहोंच्या मधली साईडपट्टी. तिथं त्या काळी गाजरगवत, शेजारच्या हंबीररावांच्या बांधकामातली उरलेली खडी आणि कुणाचं तरी फुटकं वॉशबेसिन असा देखावा होता. तिथं हिरवीगार बाग करावी, आणि बागेच्या कडेला, नम्रपणे, पण रस्त्यावरून वाचता येईल अशी, पाटी.

चंदनाला तिथं सिमेंटचे ब्लॉक हवे होते. “झाडायला सोपं पडतं,” असं तिचं जगातल्या बहुतेक गोष्टींबद्दल मत असतं. शेवटी तिनं शाळेत देत असे तशी मुदत दिली. “दिवाळीपर्यंत बाग दिसली तर तुमची पाटी लावा. नाही दिसली तर ब्लॉक. पुन्हा विषय काढायचा नाही.”

परवानगीशिवाय काम करणं माझ्या रक्तात नाही. बाकीच्या कोल्हापूरच्या रक्तात दुसरं काही नाही, ही गोष्ट वेगळी. मी रीतसर अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. ते म्हणाले, रस्ता आमचा, साईडपट्टी त्यांची. मी ‘त्यां’च्याकडं गेलो. ते म्हणाले, साईडपट्टीखालचं गटार आमचं; गटारावर जे उगवतं त्याच्याशी आमचा संबंध नाही. पुन्हा पहिल्या कार्यालयात आलो, तर तिथल्या क्लार्कनं खुर्ची दिली. कोल्हापुरात खुर्ची दिली की समजावं, काम होणार नाही पण वेळ बरा जाईल.

“काका, तुमाला नक्की काय करायचंय तिथं?”

“झाडं लावायचीत. हिरवळ करायचीय.”

“मग करा की.”

“परवानगी?”

“त्याचं कसं हाय काका, परवानगी मागितली की आमाला न्हाय म्हणावं लागतंय. न्हाय मागितली तर आमाला म्हाईतच न्हाय. कशाला दोघांनाबी अडचणीत आणताय?”

माझ्या उभ्या नोकरीत इतकं स्वच्छ प्रशासकीय उत्तर मी कुणाला दिलं नव्हतं. अर्जाची घडी घालून परत आलो.

मी फावडं घेऊन साईडपट्टीवर उभा राहिल्याबरोबर कॉलनीतला प्रत्येक माणूस वनस्पतीतज्ज्ञ झाला. सकाळी फिरायला जाणारे थांबायला लागले. एकानं कढीपत्ता लावायला सांगितलं, कारण त्याच्या घरी तो संपत आला होता. दुसऱ्यानं पारिजातक सुचवला आणि तिसऱ्यानं पारिजातकाखाली काय काय येऊन बसतं, याची यादी दिली. हंबीरराव तर खुर्ची घेऊनच बाहेर आले. हे सैन्यातून निवृत्त झालेले आहेत, आणि सैन्यात जाण्याआधी तालमीत होते, त्यामुळं त्यांचा सल्ला ऐकताना आपण चितपट झाल्यासारखं वाटतं.

“मगदूम, शोभंचं कायबी लावू नका. निवडुंग लावा.”

“निवडुंग कशाला?”

“कोण फिरकणार न्हाय.”

“पण लोकांनी बघावं म्हणूनच लावतोय हो.”

“लोकास्नी बघायला रंकाळा हाय की,” हंबीरराव म्हणाले. त्यांची खडी मी बाजूला केली होती, ती त्यांनी सायंकाळपर्यंत पूर्ववत करून टाकली. “बसू दे तिथं. लागती.” आठ वर्षं ती लागत होती.

मला हवी होती हिरवळ. नर्सरीवाला म्हणाला, गालिचा अंथरल्यासारखी आणून टाकतो, पण रोज पाणी, रोज देखभाल आणि कुणी पाय ठेवायचा नाही. कोल्हापुरात कुणाला पाय ठेवू नका म्हणणं म्हणजे पाय ठेवण्याचं निमंत्रण. मी विचारात पडलेला बघून चंदनानं कोडोलीला तिच्या धाकट्या भावाला, सम्मेदला फोन लावला. फोनवरचं वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आणि तरी मला धोका कळला नाही. ती म्हणाली, “दाजींना दारात गवत लावायचंय.”

सम्मेद शेतकरी माणूस. सकाळीच टेम्पो घेऊन हजर. टेम्पोत उसाच्या कांड्यांसारख्या कांड्या भरलेल्या.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“गवत. आमच्या रानातलं, एक नंबर.”

“सम्मेद, मला लॉन पाहिजे. लॉन. बसायचं गवत.”

“गवतावर कोण बसतंय दाजी? बसलं तर जनावर बसतंय. हे एकदा लावा आणि विसरा. कापंल तेवढं वाढतंय.”

“वाढून काय करायचंय?”

यावर सम्मेदनं चंदनाकडं बघितलं. आक्कानं कुठल्या माणसाशी लग्न केलंय, हा जुना प्रश्न त्याला पुन्हा पडलेला दिसला. त्याच्या लेखी गवत म्हणजे वैरण. जे जनावराच्या पोटात जात नाही ते गवत नव्हे, तो कचरा. आणि बायकोचा भाऊ स्वतःच्या रानातून काही घेऊन आला की ते परत पाठवता येत नाही. लग्न मोडतं असं नाही, पण पुढची काही वर्षं जेवणाला चव राहत नाही.

मग मी ते लावलं, आणि असं लावलं की खात्यानं बघावं. दोरी ताणली, टेप धरली, ओळी काटकोनात घेतल्या. पाटीसाठी बरोबर मध्यावर जागा सोडून तिथं चुन्याचा ठिपका मारला. हंबीरराव खुर्चीतून म्हणाले, “मगदूम, वैरण सरळ रेघंत लावली म्हणून म्हस जास्त दूध देत न्हाय.” तेव्हा मी हसलो होतो.

पावसाळ्यात ते गवत जे सुटलं, ते थांबायचं नावच घेईना. गुडघ्याला लागलं तेव्हा मी खूश होतो, छातीला लागलं तेव्हा साशंक झालो, आणि डोक्यावरून गेलं तेव्हा दिसेनासा झालो. फाटकावरचं सोनेरी नाव संपूर्ण झाकून गेलं. याचं मला अतिशय वाईट वाटतं, असं मी चंदनाला सांगितलं. गॅसवाला सिलिंडर घेऊन दोनदा आमच्या दारावरून पुढं गेला. मग एका सकाळी हंबीररावांनी मला भिंतीवरून हाक मारली.

“मगदूम, तुमच्या रानात काल कायतरी हाललं.”

“वारा असेल.”

“वारा खोकत न्हाय.”

खोकणाऱ्याचा तपास लागला. आमच्या गवताची कीर्ती रिक्षा स्टँडपर्यंत पोहोचली होती आणि तिथले लोक मोठ्या विश्वासानं, आडोसा म्हणून, त्याचा लाभ घेत होते. मी काकुळतीला येऊन ‘येथे थांबू नये’ अशी पुठ्ठ्याची पाटी लावली. गवतात ती बाहेरून दिसत नव्हती. आत आलेल्यालाच दिसायची, आणि आत आलेल्याला ती वाचायला निवांत वेळ असायचा.

चंदनानं ब्लॉकवाल्याचं कार्ड फ्रिजवर लावलं.

मी विळा विकत आणला. पहिल्या फटक्याला चार धाटं पडली, दुसऱ्या फटक्याला माझी कंबर. भिंतीला धरून उभा होतो, तेव्हा मागून आवाज आला.

“काका, ऱ्हावू दे. म्या कापतो.”

हा बाळासो. मागच्या गल्लीत त्याचा म्हशींचा गोठा आहे. महिनाभर तो सायकलवरून जाताना आमच्या साईडपट्टीकडं ज्या नजरेनं बघत होता, तशा नजरेनं माझ्या कामाकडं आजवर कुणी बघितलं नव्हतं. मी त्याला निसर्गप्रेमी समजत होतो.

“काय घेणार?” मी विचारलं.

“पैसं नगोत. वैरण न्हेतो तेवढी.”

त्यानं दोन तासांत अशी सफाईदार कापणी केली की कुठल्याही बंगल्यापुढं शोभावी. हिरवीगार, एकसारखी, घोट्याएवढी. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. एक बाई म्हणाल्या, “बाईंनी छान ठेवलंय हो.” नाव पुन्हा दिसायला लागलं होतं ना. तरीही मी त्याच दिवशी पाटी मशीनखालून काढली, चिंच लावून घासली. संध्याकाळी मशीन कपडे पिळता पिळता चालत बाथरूमच्या दारापर्यंत आलं. महत्त्वाकांक्षेला अशी किंमत द्यावी लागते.

पण कापंल तेवढं वाढतंय, हे सम्मेद खोटं बोलला नव्हता. बाळासो कापायचा, ओझं बांधायचा, न्यायचा. पुन्हा यायचा, कापायचा, ओझं बांधायचा. माणूस कष्टाळू, पण विचार करणारा. एक दिवस त्यानं विचार केला. मी दुपारची झोप काढून बाहेर आलो, तर पाटीसाठी मारलेल्या चुन्याच्या ठिपक्यावर, बरोबर मध्यावर, खुंटा ठोकलेला आणि खुंट्याला बिजली.

“बाळासो, हे काय?”

“रोज वजं वाहून मान मोडली वो काका. म्हटलं, वैरण हितं हाय तर म्हस तिकडं कशाला?”

तर्कात खोट काढता येईना. बाळासो चहा प्यायला गेला, तेव्हा मी बिजलीसमोर उभा राहिलो आणि संस्कृतीविषयीचं ते सुरुवातीचं वाक्य तिला सुनावलं. परिणाम तुम्हाला ठाऊक आहे.

यानंतर जे घडलं, ते दुसऱ्या शहरात घडलं नसतं. दुसऱ्या शहरात रस्त्याकडेला म्हैस उभी दिसली तर लोक नाकाला रुमाल लावून जातात. कोल्हापुरात लोक पेला शोधतात. त्या दिवशी सायंकाळी बाळासो बिजलीला घरी न्यायला आला, तर हंबीरराव खुर्चीतून म्हणाले, “आता गोठ्यात न्हेऊन काढणार, कॅनात घालणार, परत माझ्याच दारात आणणार. हितंच काढ की लेका धार.” बाळासोनं काढली. पेल्यावर बोटभर फेस आला. हंबीररावांनी डोळे मिटून पेला रिकामा केला आणि पांढरी मिशी पुसली, पण फेस कुठला आणि मिशी कुठली ते कळेना.

दुसऱ्या दिवशी चौघं होते. मग रिक्षा स्टँड आलं, यावेळी उजळ माथ्यानं आणि समोरच्या बाजूनं. आठवड्याभरात सायंकाळी आमच्या दारात मोटरसायकली लावायला जागा उरली नाही. हंबीररावांनी बसायला जागा हवी म्हणून स्वतःच्या हातांनी आठ वर्षांची खडी हलवली. मी सांगून जी हलली नव्हती, ती म्हशीसाठी हलली. आणि सर्वांत मोठा धक्का घरातला. चंदना जैन नेमानं सूर्यास्तानंतर पोटात काही घेत नाही, म्हणून बाळासो धार सूर्यास्ताआधी काढायला लागला आणि पहिला पेला फाटकावर ‘बाईंचा’ म्हणून ठेवायला लागला. मी तिला म्हणालो, “तूसुद्धा?” ती म्हणाली, “मापात पाणी नाही, समोर काढतो. तुम्ही घ्याल का?” मी बाणेदारपणे नाही म्हणालो. चहा केला, तर दूध संपलेलं होतं.

शेवटी मी त्या क्लार्ककडं तक्रार घेऊन गेलो. त्यानं खुर्ची दिली नाही, तेव्हाच आशा वाटली. आणि खरोखर एक साहेब पाहणीला आले. साईडपट्टी बघितली, खुंटा बघितला, दूध प्याले, आणि रुमालानं ओठ टिपत म्हणाले, “म्हशीला अतिक्रमण म्हणता येत न्हाय. ती हालती.”

“खुंटा हलत नाही,” मी म्हणालो.

“खुंटा कशासाठी हाय? म्हशीसाठी. म्हस कशासाठी? गवतासाठी. गवत कुणी लावलं?”

मी गवताकडं बघितलं.

“म्हणजे मूळ अतिक्रमण गवताचं. काढू का नोटीस?”

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझ्या मनात आनंदाची एक बारीक लहर उठली. नोटीस म्हणजे कागदावर, शिक्क्याखाली, स्पष्ट अक्षरात आपलं नाव. ‘साईडपट्टीवर बेकायदा हिरवळ केल्याबद्दल श्री. धनपाल मगदूम यांस.’ ती फ्रेम करून लावता आली असती. मी म्हणालो, “काढा.”

साहेबांनी फाटकाकडं बघून पेन काढलं. “सौ. चंदना... नाव बरोबर हाय न्हवं?”

मी तक्रार मागं घेतली.

दिवाळी आली. अंगणात पणत्या लावून झाल्यावर चंदना चष्मा लावून बाहेर आली आणि साईडपट्टीची तपासणी करून म्हणाली, “हिरवं आहे. माणसं येतात, थांबतात. बाग म्हणता येणार नाही, पण मी पस्तीस मार्क देते. पाटी लावा.” आणि आत जाता जाता तिनं फ्रिजवरचं कार्ड काढलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं मला काठावर का होईना, पास केलं होतं.

पाडव्याच्या सकाळी मी आंघोळ करून, कोरा सदरा घालून, पितळी पाटी बगलेत आणि हातोडी हातात घेऊन फाटक उघडलं. बाहेर मांडव होता.

पाडव्याला आमच्याकडं म्हशींना नटवतात. बिजलीची शिंगं रंगवलेली, कपाळाला मोरपीस, गळ्यात कवड्यांच्या माळा, आणि पाठीवरचे केस कातरून काढलेली ‘बाळासो’ ही अक्षरं. म्हशीच्यासुद्धा अंगावर नाव होतं. शेजारी नव्या फरशीचा कट्टा रातोरात बांधलेला, आणि कट्ट्यावर फलक: ‘बिजली दूध कट्टा. संकल्पना: अमरसिंह दादा, भावी नगरसेवक. मार्गदर्शक: हंबीरराव. प्रमुख आकर्षण: बिजली. जागा सौजन्य: सौ. चंदना मगदूम.’ वर दोन फोटो होते, एक अमरसिंहांचा आणि एक म्हशीचा. म्हशीचा मोठा होता, हे त्यातल्या त्यात बरं.

पांढऱ्या कपड्यांतले भावी नगरसेवक पुढं येऊन माझ्या पाया पडले. ते त्या दिवशी दिसेल त्याच्या पाया पडत होते.

“यात माझं नाव नाही,” मी म्हणालो.

“कोण काका आपण?”

मला मोजणी खातं सांगावं की घर सांगावं, कळेना. “मी गवत लावलं,” मी म्हणालो.

“आसं व्हय. मग सांगायचं न्हाय का आधी? पुढच्या वरसी ‘वैरण सौजन्य’ म्हणून घालू की.” आणि त्यांनी माझ्या बगलेतल्या पाटीकडं बघितलं. “ह्ये काय आणलंय? कट्ट्याला देणगी?”

मी पाटी सदऱ्याखाली घेतली आणि आत वळलो. समोर चंदना उभी होती. तिनं सगळं ऐकलं असणार. ती स्टूल घेऊन माळ्यावर चढली.

बाहेर गर्दी वाढली होती आणि पेले कमी पडत होते. बाळासो ओरडत होता, “बाई, घरातलं काय आसलं तर द्या.” चंदनानं माळ्यावरून एक खोकं काढलं. निवृत्तीला सम्मेदनं दिलेले स्टीलचे डझनभर पेले. त्यानं दुकानातून प्रत्येकावर बुडाशी ठसठशीत कोरून घेतलं होतं, ‘श्री. धनपाल मगदूम’. घरात दोघंच आम्ही, म्हणून ते कधी वापरात आले नव्हते. तिनं ते विसळले, पुसले, ताटात मांडले आणि स्वतः कट्ट्यावर नेऊन ठेवले.

पेला तोंडाला लावला की शेवटच्या घोटाला बूड वर होतं. मी खिडकीतून बघत होतो. कट्ट्यावर बारा माणसं, बारा तोंडं आकाशाकडं आणि प्रत्येक तोंडावर माझं नाव. मुरगूडहून पाहुणा आलेला एक गृहस्थ समोरच्याच्या हनुवटीकडं बघत म्हणाला, “ह्ये धनपाल मगदूम कोण वो?”

“मोठं पेलं हायत न्हवं, त्येंचं,” हंबीरराव म्हणाले.

पेले मोठे होते, ही गोष्ट खरी. बाळासोच्या पेल्याहून चांगले घोटभर जास्त. लोकांच्या ते लगेच ध्यानात आलं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी भिंतीआड उभा होतो, तेव्हा रिक्षा स्टँडवाल्याचा आवाज ऐकला, “बाळासो, त्यातलं नगो. मगदूम दे.” त्याच्या मागचा म्हणाला, “मला अर्धा मगदूम.” आता तर सगळे तसंच मागतात. बाळासो पैसेही तसेच घेतो: पेला आणि मगदूम, दोन वेगळे दर. एका आजींनी नातसुनेला ताकीद दिल्याचं मी स्वतः ऐकलं, की बाळंतिणीला रोज एक मगदूम गेलाच पाहिजे. साखळी, गुंठा, आणा अशी मापं घेऊन आयुष्य काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर याहून वरची जागा मिळत नसावी. पितळी पाटी मी आपल्या हातांनी मशीनखाली परत ठेवली. मशीन शांत झालं. फलकाबद्दल माझं आता काही म्हणणं नाही. फलक पहिल्या वळवाला उडतात.

फक्त एक आहे. बारातले पाच पेले राहिलेत. सात कुणी तरी घरी नेले आहेत, आणि बाळासो परवा म्हणाला की पेले सरले तर तो कागदी कप आणणार आहे. तेव्हा आपल्यापैकी कुणाच्या मांडणीवर बुडाशी माझं नाव असलेला पेला चुकून आला असेल, तर कृपया फाटकावर आणून ठेवावा. विसळला नसला तरी चालेल.